आई विचारायची, लाइन कुठवर आली

माझ्या आईला वाघानं मारलं.

आज वर्ष झालं. कोणी विचारलं तर मी अजूनही "अचानक गेली" एवढंच सांगते. आज नीट सांगते.

आमचं गाव धानोऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून. मी शहरात नव्या मेट्रो लाइनवर सेफ्टीत आहे. वर चढणाऱ्या प्रत्येकाचा बेल्ट आणि हुक तपासायचा, हे माझं काम. त्यासाठी मलाही दिवसभर वरच राहावं लागतं.

आईला या कामाची फार भीती वाटायची.

कोणीतरी ड्रोन उडवून आमच्या लाइनचे व्हिडिओ टाकतं. कुठे पिलर उभा झाला, कुठे गर्डर चढला. नवीन व्हिडिओ आला की आई दादाला घेऊन शाळेमागच्या टेकाडावर जायची. व्हिडिओ चालण्याएवढी रेंज गावात तिथेच येते.

वर पिवळं हेल्मेट दिसलं की व्हिडिओ थांबवायला लावायची आणि मला शोधायची. "हे आपली बाई हाये का?"

मग मला फोन.

"लाइन कुठवर आली?"

"मोठ्या चौकापर्यंत."

"चौकावरून बी नेता का? खाली गाड्या, वर तू?"

"हाव, आई."

मग फोन चालू असायचा, फक्त वाऱ्याचा आवाज यायचा.

एकदा बाबांसोबत साइट बघायला आली. पुलाखालून चालायलाच तयार नाही. रस्त्याच्या कडेनं, मान वर करून, माझा हात घट्ट धरून चालली.

मी तिला माझा बेल्ट दाखवला. तिनं हुक रेलिंगला अडकवायला लावला आणि पट्टा दोन्ही हातांनी धरून अंगाचा सगळा भार टाकून ओढला. पुन्हा ओढला. बाजूची पोरं हसायला लागली. तिचा चेहरा बघून गप्प झाली.

"तुटत नाई ना हे?"

"नाई तुटत."

"आन तू लावाले विसरली तं?"

मी हुक काढला आणि पुन्हा लावून दाखवला.

मागच्या वर्षी मोहा, म्हणजे विकायला वेचतात ती मोहाची फुलं, पडायला लागला, तेव्हा फॉरेस्टचे गार्ड गावात येऊन सांगून गेले. नाल्याच्या बाजूनं वाघ फिरून राह्यला, एकटं जाऊ नका. शेजारच्या गावात एक माणूस गेला होता.

दादानं मला सांगितलं. मी लगेच आईला फोन केला.

"यावर्षी मोहा राहू दे."

"राहू देऊन कसं होईल बाई?"

"तुले भेव नाई लागत?"

"लागते ना. पानं वाजली तरी लागते. पण मोहा का घरी चालत येते?"

मग मलाच समजवायला लागली. "आमी बायका पहाटे मिळून जातो. एकमेकीले आवाज देत राह्यतो. ओ आली म्हंजे समजाचं, हाये."

त्या दिवसापासून मला कामावर धड लक्ष देता येईना. सकाळी वर चढायच्या आधी दादाला मेसेज करायचे. आई आली का? त्याचं "आली" आलं की मी हेल्मेट घालायचे.

त्या सकाळी "आली" आलं नाही.

चौकावरचा शेवटचा सेगमेंट, पुलाचा तयार तुकडा, चढवायचा होता. सगळे वाट बघत होते, मला चढावंच लागलं. क्रेननं तुकडा उचलला. तो हवेत असताना फोन वाजला.

दादा.

"तू वर हाये का खाली?"

"वर."

"खाली उतर. मंग सांगतो."

"दादा, काय झालं?"

"पयले खाली उतर बाई. हळू उतर."

मला कळलं.

शिडी उतरायला लागले. एक हात सोडायचा, खालचा दांडा धरायचा, एवढंच डोक्यात. खाली पोचले, जमिनीवर बसले, आणि फोन कानाला लावला. दादा रडत होता.

बायका मोहा वेचत होत्या. आई थोडी पुढे, वाकून वेचत होती. शेजारच्या शांताबाईनं आवाज दिला, आईनं ओ दिली. थोड्या वेळानं पुन्हा दिला. ओ आली नाही.

कोणी ओरडलं नाही, काही वाजलं नाही. शांताबाई आजही हेच सांगते. तिला वाटलं, आईला ऐकूच आलं नसेल.

टोपलं सापडलं. मोहा सांडलेला होता. आई दुपारी सापडली, नाल्यापलीकडे.

मी संध्याकाळी गावात पोचले. तिला कापडात बांधूनच ठेवलं होतं. चेहरा तेवढा दाखवला. पाय धरू दिले नाहीत. का ते मी विचारलं नाही.

कामावर परत गेले तेव्हा साहेब म्हणाले, काही दिवस ऑफिसमध्ये बस. बसले. पण खिडकीतून वरची माणसं दिसायची आणि जास्तच धडधडायचं. मग पुन्हा वर गेले. आता कोणाला आवाज दिला आणि पटकन ओ आली नाही, तर मी हातातलं सोडून त्याच्याकडे जाते. पोरांना ते माहीत झालंय. मशीन चालू असलं तरी हात वर करून दाखवतात.

गावात यंदा पुन्हा मोहा पडायला लागलाय.

आज सकाळी वहिनी गेली. दादा सोबत गेलाय, कुऱ्हाड घेऊन. मी नको म्हटलं नाही. नको म्हणून तरी काय होणार होतं? पोस्ट लिहायला बसले, कारण नुसतं वाट बघणं जमत नव्हतं.

आत्ता फोन आला. दोघंही घरी पोचले. वहिनी म्हणाली, उद्या पुन्हा जावं लागेल, झाडाखाली अजून बराच पडला आहे.

उद्यापण मी अशीच फोन घेऊन बसेन.

आई, तुझ्या पायांना हात लावायचा राहिला. इथूनच नमस्कार करते.