रक्तवाहिनीतला गोळीबार

माझ्या लहानपणी आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एक कॉम्प्युटर होता. तो टीव्हीला जोडायचा आणि खेळ कॅसेटवरून चढवायचा. त्यातला एक खेळ जगात फक्त आम्हालाच माहीत असावा, कारण माझ्या नोएडाच्या ऑफिसात अजून एकालाही तो ठाऊक निघालेला नाही. "यार, तू बना के बोल रही है," म्हणून सगळे मला उडवून लावतात. खेळ असा: रक्तवाहिनीतून एक इवलंसं यान जातं, समोरून येणारे जंतू टिपायचे, पण पांढऱ्या पेशीला गोळी लागली की गुण कापले जातात. विज्ञान तेवढंच, बाकी नुसती ठो-ठो.

यंदा बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताची बोटं रुसून बसली. "हलवत राहिलात तरच परत येतील," डॉक्टरांनी बजावलं. वरणभात मी कालवून द्यायचा आणि बाबांनी चमच्यावर राग काढायचा, असं चाललं होतं. फिजिओथेरपिस्ट रोज आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या घरी येऊन त्यांच्या हातात स्पंजचा चेंडू द्यायची. "अंकल, बस थोडा और!" ती गेली की चेंडू सोफ्यामागे.

"बालवाडीतले चाळे!" बाबा म्हणायचे. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग एकदा मला तो खेळ इंटरनेटवर सापडला. लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. अट एकच, बटणं उजव्या हातानंच दाबायची. पहिल्या दिवशी त्यांनी जंतू सोडून झाडून सगळ्या पांढऱ्या पेशी मारल्या, पण हटले नाहीत. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की आमची मॅच, आणि रोज मी हरायचे. यान मुद्दाम भिंतीवर आपटायचं आणि "अच्छा, परत तुम्हीच!" म्हणायचं. माझ्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

एका संध्याकाळी बाबांनी लॅपटॉप फाडकन मिटला.

"मला कच्चं लिंबू करतेस?"

"नाही हो बाबा, खरंच..."

"माझा हात गेलाय, डोळे नाही गेलेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी जीव तोडून खेळायला लागले आणि बाबांना रोज धूळ चारली. ते चडफडायचे, मी ऑफिसात असताना गुपचूप सराव करायचे, आणि फिजिओथेरपिस्ट आली की चेंडू स्वतःहून मागून घ्यायचे.

काल माझा डाव चांगला झाला. मग बाबा बसले. बोटं अडखळत होती, पण थांबत नव्हती. त्यांनी माझे गुण मागे टाकले, तरी ते जंतू टिपतच राहिले.

"हरलीस!" बाबा ओरडले.

या वेळी मी खरोखरच हरले होते. उठून स्वयंपाकघरात गेले आणि ढसाढसा रडले. बाहेरून बाबांचा आवाज येत होता, "चिडका बिब्बा! चिडका बिब्बा!"