उसनं बोट

दांडगोबाने आगीच्या बंबावर अर्धी हयात घालवली होती. बंद दार दिसलं की त्याचे हात शिवशिवत आणि कुऱ्हाडीच्या दोन घावांत चौकट उखडे. घरी मात्र बायको त्याला कवडीची भीक घालत नसे. "जिना चढताना छाती धरता. तपासून या," ती ऐकवायची. "पित्त आहे," तो म्हणायचा. पित्त कसलं आलंय! तपासणीत नापास झालेल्याला फोनपाशी बसवत, आणि त्यापेक्षा मेलेलं बरं, असं हा शहाणा चारचौघांत सांगायचा.

त्या दुपारी रंगाचं गोदाम पेटलं. डबे फुटून झाकणं भिंतीत घुसत होती, तापलेले पत्रे कोसळत होते. दांडगोबाने दार फोडलं आणि आतल्या कामगाराला कॉलर धरून फरफटत बाहेर आणलं. नियम असा, की एक खेप झाली की कोट काढून बसायचं, पाणी प्यायचं, बोटाला यंत्राचा चिमटा लावायचा. हृदयाचे ठोके उतरल्याशिवाय पुन्हा आत जायचं नाही. तसल्या उष्णतेत, पाठीवर ओझं घेऊन, भल्याभल्यांचं हृदय मान टाकतं.

दांडगोबाची छाती कुणीतरी आतून पिळत होतं. पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा पट्टा काचतोय असं समजून त्याने तो सैल केला आणि बंबाच्या ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर जिवाभावाचा. नेहमीसारखं ड्रायव्हरने धुराआड दांडगोबाऐवजी आपलंच बोट चिमट्यात घातलं. आत सोडायचं की नाही ते ठरवणाऱ्या साहेबांनी आकडा पाहिला, बोट कुणाचं ते पाहिलं नाही. "जा," ते म्हणाले.

दांडगोबा दारातच कोसळला. ड्रायव्हरने त्याला ओढून काढलं, कोट फाडला आणि दोन्ही तळहात छातीवर रोवले. "फासळी मोडली तर जुळते, जीव गेला तर येत नाही," हे दांडगोबानेच त्याला शिकवलं होतं. कडकन एक फासळी मोडली, मग दुसरी. ड्रायव्हर रडत होता, शिव्या घालत होता आणि दाबत होता. रुग्णवाहिकेतल्या यंत्राच्या दुसऱ्या झटक्याला ठोका परतला.

दांडगोबा जगला, बंब मात्र कायमचा सुटला. इस्पितळात पहिल्यांदा चार पावलं चालून तो खाटेवर टेकला, तेव्हा नर्स चिमटा घेऊन आली. त्याने सवयीने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तुझंच दे," तो म्हणाला.

बायको बघत होती. दांडगोबाने बोट पुढे केलं.