ज्येष्ठेची अर्धी गोष्ट

संस्थान विलीन झालं आणि बाबांची संस्कृत पाठशाळेतली नेमणूक गेली. घरात उरलं काय, तर बाबांचं पाठांतर आणि लग्नाच्या दोन मुली. थोरली अक्का, धाकटी मी.

पुढे इंदूरची मंडळी अक्काला बघायला आली आणि पसंत मला करून गेली. मी तणतणले, "मी काय भाजीवर मिळणारी कोथिंबीर आहे?" आत्या बाबांना म्हणाली, "देऊन टाक होकार. अक्काबाई घरात ठाण मांडून बसली तर लक्ष्मी यायची कशी?" अक्काबाई म्हणजे अलक्ष्मी, दळिद्र. पण आमची अक्का आत चुलीपुढे होती, तिला ते कुणाबद्दल वाटलं असेल? जळो मेली ती जीभ!

बाबांनी मात्र ठाम नकार दिला. "थोरलीच्या आधी धाकटी नाही. वेदात जिला घालवून द्यायला सांगितलंय ती अलक्ष्मी म्हणजे ज्येष्ठा, लक्ष्मीची सख्खी थोरली बहीण. पुराणात विष्णूने मागणी घातली, तर लक्ष्मी अडून बसली. आधी माझ्या बहिणीचं बघा म्हणाली. मग ज्येष्ठा एका ऋषीला दिली, आणि त्यानंतरच लक्ष्मीचं लग्न लागलं."

अक्का आतून म्हणाली, "बघ, तिचीसुद्धा कड घेणारं कुणी होतं." किती दिवसांनी हसली होती ती! मला फार बरं वाटलं.

लगोलग आगरचा एक बिजवर ठरला. सरकारी दफ्तरात कारकून. मला तो माणूस मुळीच आवडला नव्हता, हसायचा तेही उपकार केल्यासारखा. पण अक्काचं लग्न झालं आणि पाठोपाठ माझंही.

त्याच वर्षी भोपाळ राजधानी झाली, दफ्तरं तिकडे हलली. अक्काच्या नवऱ्याची बदली झाली. मी तेव्हा माहेरी आले होते. संध्याकाळी दूधवाला सांगत आला, "पंडितजी, आपकी बड़ी बिटिया सुबह से देवास गेट पे बैठी है."

मी आणि बाबा धावत गेलो. देवास गेटच्या बस स्टँडवर अक्का आपल्या ट्रंकेवर बसली होती. म्हणाली, "ते तिकीट काढायला गेलेत." खिडकी तर बंद झाली होती. चहावाला मला हळूच म्हणाला, "बाई, वो साहब तो सबेरे भोपाल वाली से निकल गए."

अक्का उठेना. "तू जा गं. ते आले आणि मी दिसले नाही तर?" शेवटी बाबांनी हाताला धरून तिला उठवलं.

घरी आल्यावर बाबा ओसरीवर डोकं धरून बसले. पुटपुटले, "पिंपळाखाली."

"काय पिंपळाखाली?"

"ऋषीने ज्येष्ठेला पिंपळाखाली बसवलं. इथे थांब, राहायला जागा बघून येतो म्हणाला. परत आलाच नाही."

"हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

"पाठ आहे मला."

"मग अर्धीच गोष्ट का सांगितलीत, बाबा?"

त्यांनी मान वर केली नाही. "पुढची सांगितली असती तर ती बोहल्यावर उभी राहिली नसती. आणि मग तुझंही अडलं असतं."

अक्का दारातच उभी होती.