पायथ्याचं पाणी

आमच्या गावचं तळं म्हणजे काही मोठं धरण नव्हे. चाकणला कंपन्या यायच्या आधी दुष्काळी कामावर घातलेला मातीचा बांध, त्याच्यामागं अडलेलं पाणी आणि बांधाच्या खाली आमचं घर. पुढं पंचायतीनं त्या पाण्यात पायडलच्या बोटी सोडल्या, काठावर झोके टांगले आणि रविवारी दापोडीकडची, निगडीकडची माणसं पोरंबाळं घेऊन यायला लागली. मी फाटकाशी कणसं भाजायची. धंदा बरा होता, खोटं कशाला बोलू.

बांधाच्या पायथ्याला दगडांतून एक पाइप बाहेर आला होता. बांधात मुरलेलं पाणी त्यातून निघायचं. बारा महिने करंगळीएवढी धार वाहायची, नितळ आणि गार. मी आणि माझी धाकटी जाऊ तिथंच धुणं धुवायचो. त्या दगडावर बसून आम्ही अख्ख्या गावाची उणीदुणी काढलीत.

दर उन्हाळ्यात तालुक्याहून एक साहेब तळं तपासायला यायचा. बांधावरून चालायचा, खाली डोकावायचा आणि शेरा द्यायचा: उत्तम, मध्यम, नाहीतर धोकादायक. तो शेरा पाटीवर रंगवून फाटकाला लावायचा, असा नियम. एका वर्षी त्यानं मध्यम दिलं. पायथ्याशी पाणी दिसतं, एवढंच लिहिलं. धार वाढते का, गढूळ होते का, तेवढं बघत राहा, असं जाता जाता तोंडी सांगून गेला. पण तोंडी सांगितलेलं ऐकतंय कोण? गावाला मध्यम झोंबलं. पिवळी पाटी लागली आणि पंचायतीतली माणसं घरात कुणी गेल्यासारखी तोंडं करून हिंडायला लागली.

माझा दीर, म्हणजे त्या जावेचा नवरा, चाकणच्या एका कंपनीत मेन्टेनन्सला होता. हाताचा हुशार, जिवाला जीव देणारा, पण डोक्यात कंपनी शिरलेली. घरात तवा कुठं टांगायचा, तिथंही खडूनं चौकोन आखून ठेवायचा. गावातली निम्मी तरणी माणसं असल्याच कंपन्यांत. ऑडिट म्हटलं की त्यांना एकच ठाऊक: ऑडिटवाल्यानं ज्याच्यावर बोट ठेवलं, ते पुढच्या खेपेला दिसता कामा नये. मशीनखाली तेल दिसलं तर सील बदला, फरशी पुसा, पिवळा पट्टा मारा. बांधाचंही त्यांनी तेच केलं. पुढच्या उन्हाळ्यात साहेब यायच्या आधी सुट्टी बघून सगळे जमले, गवत काढलं, दगडांना चुना फासला आणि त्या पाइपात गोणपाट कोंबून वरून सिमेंट ठोकलं. दिरानं थापीनं ते असं गुळगुळीत केलं, की बघत राहावं.

मी भांडले, पण धुण्यासाठी. आता कपडे तुमच्या कंपनीत धुवायला आणू का, म्हणून विचारलं. तो हसला, अंगणात नळ लावून देतो म्हणाला आणि खरंच लावून दिला. बांधाचा विचार माझ्याही मनाला शिवला नाही.

साहेब आला, खाली डोकावला. सगळं कोरडं ठणठणीत. उत्तम. हिरवी पाटी लागली, मेल्यांनी पेढे वाटले. वर्षानुवर्षं वाहणारी धार गेली कुठं, एवढं तरी त्या शिकलेल्या माणसानं विचारावं की नाही? आठवलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

श्रावणात तळं काठोकाठ भरलं. एका रविवारी, ऊन पडलेलं असताना, घरामागं रचलेल्या माझ्या गोवऱ्या खालून भिजलेल्या दिसल्या. वर बघितलं तर बांधाची उतरण मध्येच फुगलेली. पाय ठेवला तर घोटा आत गेला. जावेनं दिराला उठवलं. तो शिफ्ट करून येऊन नुकताच आडवा झाला होता. त्यानं एकदा बांधाकडं बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"वहिनी, त्या पाण्याला मीच कोंडलंय," तो म्हणाला.

वर बोटी चालू होत्या. त्यानं ओरडून माणसं बांधावरून हटवली, आम्हाला पोरं आणि म्हशी घेऊन रस्त्यावर जायला सांगितलं आणि सब्बल उचलली. जावेनं त्याची बाही धरली. जाऊ नका, साहेबाला फोन लावा, म्हणून विनवलं.

"साहेब येईस्तोवर घर ऱ्हायचं न्हाई," म्हणाला, आणि बाही सोडवून घेतली.

रस्त्यावर आम्हाला सबलीचे घाव ऐकू येत होते. मग गढूळ पाण्याचा लोट पाइपातून उसळलेला दिसला आणि त्याच्यामागोमाग फुगलेली उतरण खाली बसली. आवाजसुद्धा फार झाला नाही. चिखल आमच्या मागच्या भिंतीपर्यंत आला आणि थांबला. बांध फुटला नाही. घराचं एक कौल हललं नाही. दीर त्या चिखलाखाली होता. काढायला संध्याकाळ झाली, आणि तोवर बोटीवाली पाहुणी मंडळी मोबाइल वर धरून उभी होती. मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

साहेब आला, पाणी सोडून तळं रिकामं केलं आणि फाटकावर लाल पाटी लावून गेला. धोकादायक.

जाऊ त्यानंतर फारसं बोलत नाही. परवा अंगणातला नळ ठिबकायला लागला. दिरानं लावलेला तोच नळ. माझे मालक पाना आणि नवा वायसर घेऊन बसले, तशी ती आतून आली आणि नळावर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, बंद नका करू," म्हणाली. "गळू द्या त्याला."

मालकांनी पाना खाली ठेवला. मी नळाखाली बादली सरकवली.