गौरीचा फेरा

माझी जमुनाकाकू फार देवभोळी होती असं आमच्या ला मारी गावातले लोक सांगतात. मला ते पटत नाही. देवभोळ्या माणसाला देवाचा आधार वाटतो, काकूला देवाची धास्ती वाटायची. दिवा लावतानासुद्धा ती अशी लावायची की जणू कुणी चूक काढायला मागे उभं आहे.

मी पुष्पा, तिच्या धाकट्या दिराची मुलगी. आमची दोन घरं एकाच अंगणात, मधे लिचीचं झाड. काकू चहाच्या मळ्यात पानं खुडायला जायची. उंच, हाडकुळी, तोंडाने फटकळ. आमची कोंबडी तिच्या कोथिंबिरीत शिरली तर ती कोंबडीला नाही, माझ्या आईला बोलायची. पण ताप आलेल्या पोराजवळ बसायचं तर सगळ्या घरांत तिलाच बोलावणं यायचं. मी संध्याकाळी देवळाच्या मागच्या खोलीत मुलांना मराठी शिकवते. तिथली मराठी पुस्तकातली आणि काकूची मराठी अंगणातली, अर्धी क्रेओलात, म्हणजे इथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत, बुडालेली. शिव्या मात्र तिच्याच मराठीत शोभायच्या.

आमचे पूर्वज कोकणातून समुद्र ओलांडून या बेटावर ऊस तोडायला आले. येताना त्यांनी देव आणले, आणि देवांपेक्षा जास्त नियम आणले. त्यातला एक गौरीचा. गणपती बसले की पाठोपाठ गौर आणायची, आणि आमच्या घरात गौर म्हणजे मुखवटा नाही, रानातली फुलं. कोकणात त्यासाठी तेरडा असतो म्हणे. इथे वर पेत्रँच्या माळावर, जिथे ऊस संपतो आणि गार वारा सुरू होतो, तिथे गुडघ्याएवढ्या झुडपांना लाल घंटीसारखी फुलं येतात. क्रेओलात त्यांना कानातलं म्हणतात. जोडीला कागदासारखी कुरकुरीत पांढरी फुलं आणि ओल्या जागी पिवळी. सप्टेंबरात सगळा माळ त्यांनी भरलेला असायचा.

मळ्याची लॉरी आम्हा बायकांना फाट्यावर सोडायची. तिथून माळाभोवती एक वाट जायची आणि फिरून दुसऱ्या टोकाला रस्त्याला लागायची. चढ नाही, उतार नाही, म्हाताऱ्या बायकांनी गप्पा मारत चालावं अशी वाट. फक्त गप्पांनाच बंदी. अर्ध्या वाटेवर एक मोठा काळा दगड आहे. तिथपर्यंत फुलं खुडायची, हसायचं, खायचं. दगडाशी जुडी बांधली, कुंकू लावलं आणि टोपली थोरल्या सुनेच्या डोक्यावर चढली की ती गौर. मग तोंडातून शब्द काढायचा नाही, मागे वळून बघायचं नाही आणि आल्या वाटेने परतायचं नाही. वळलं की गौर पाठ फिरवते. थोरली सून म्हणजे काकू.

चौऱ्याहत्तर साली काकू वळली. तिची मुलगी देवकी तेव्हा शाळेत होती. दगडानंतरच्या वळणावर चिखलात घसरली आणि किंचाळली. काकूने टोपलीसकट गर्रकन मागे बघितलं. देवकी चिखलात बसून हसत होती. काकू पुन्हा पुढे बघून चालू लागली. कुणी काही म्हणालं नाही, मौनच होतं.

पुढच्या फेब्रुवारीत जेर्वेझ चक्रीवादळ आलं. काकूचा नवरा, आमचे गोपालकाका, गाय सोडवायला बाहेर गेले आणि शेजारच्या छपराचा पत्रा उडून त्यांना लागला. घरी आणलं तेव्हा श्वास नव्हता. तेराव्याला, पाहुणे उठल्यावर, काकूची सासू, म्हणजे माझी आजी, तिच्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "वळलीवतीस ना गं तू?"

तिने ते एकदाच म्हटलं. पुढे दोन वर्षं जगली, पुन्हा कधी विषय काढला नाही. सासवांना कुठे किती बोलायचं ते बरोबर कळतं. काकूने हे मला फार नंतर सांगितलं. त्या वेळी आम्हाला एवढंच दिसलं की ती आधी पदराआडून हसायची ती हसेनाशी झाली, आणि धाकट्या मुलाला, यशपालला, वारा सुटला की घराबाहेर पाऊल टाकू देईनाशी झाली.

देवकीची शाळा सुटली. ती जवळच्या फिनिक्स गावात स्वेटरच्या कारखान्यात जाऊ लागली. दिवसभर लोकरीची धूळ, संध्याकाळी खोकला. तिथे लग्नं जुळवणाऱ्या एका बाईकडे फ्रान्समधल्या शेतकऱ्यांचे फोटो असायचे. डोंगरातले एकटे पुरुष, गायी आहेत, घर आहे, बायको नाही. आमच्या बेटावरच्या कितीतरी मुली त्या वर्षांत अशा फोटोंशी लग्न करून गेल्या. देवकीला एक फोटो आवडला. निदान ती तसं म्हणाली. मला विचाराल तर तिला तो माणूस नाही, फोटोतला त्याच्या मागचा मोकळा डोंगर आवडला होता.

काकूने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आठवडाभर दोघी मायलेकी भांडी आपटूनच बोलत होत्या. बाईला उत्तर गौरी गेल्यावर देते, असं देवकीने कळवलं होतं.

हे सत्त्याहत्तर साल. त्या वर्षी माळावर धुकं होतं, पण फुलं अशी की पाय ठेवायला संकोच वाटावा. दगडापर्यंत देवकी एक अक्षर बोलली नाही. बाकी बायकांनी तिची मस्करी केली, नवरीचं तोंड आत्तापासूनच शिवलं म्हणून. मग जुडी बांधली, काकूने टोपली घेतली. पुढे काकू, मागे देवकी, तिच्यामागे मी, माझ्यामागे दोघी शेजारणी. सगळ्या मुक्या. झुडपांवरून गळणाऱ्या पाण्याचाच काय तो आवाज.

ज्या वळणावर ती पूर्वी घसरली होती, तिथे देवकी थांबली आणि बोलली. माझ्या पाठीमागे एकीने तोंडावर हात मारलेला मी ऐकला.

"आई, मी पडले तवा तू वळलीवतीस. आता बी एन फ्वा वळ. एकदाच. बोलू नको काय, नुसतं बघ माज्याकडं. तू बघितलंस तर मी नाय जाणार."

काकू थांबली. टोपलीवरची लाल फुलं हलत होती, वारा नव्हता तरी. तिची मान ताठ झालेली मला देवकीच्या खांद्यावरून दिसत होती. मला वाटलं, वळली, आता वळली. माझ्या स्वतःच्या आईने असं उभं ठेवलं असतं तर मी टोपली खेचून खाली पाडली असती. देवकीने तसं काही केलं नाही. ती वाट बघत राहिली. मग काकूने पाऊल उचललं आणि चालू लागली.

रात्री मी देवकीला फार बोलले. म्हटलं, तुला माहीत आहे की ती फेऱ्यात वळू शकत नाही, मग तिथेच कशाला विचारलंस? घरी विचारायचं होतंस.

"मला ठाऊक हाय," देवकी म्हणाली. "म्हणूनच तिथं विचारलं."

गौरी गेल्या आणि तिने बाईला होकार दिला.

काकू का वळली नाही? देवकीला वाटलं, आईला आपल्यापेक्षा देव मोठा. आम्हा सगळ्यांना तसंच वाटलं, आणि मी तर काकूशी महिनाभर धड बोलले नाही. खरं वेगळंच होतं. पोरीसाठी एकदा वळली आणि नवरा गेला. आता पुन्हा तिच्याचसाठी वळली तर कोण जाईल? यशपाल? की देवकीच? काकूला गौरीची पाठ दिसत होती आणि पत्रा दिसत होता. तिने लेकीला वाचवायला मान ताठ धरली. आणि हे तिला सांगायचं तरी कसं? तुझ्यासाठी वळले म्हणून तुझा बाप गेला, असं कुठली आई पोरीला सांगेल? ती गप्प राहिली. फेऱ्यातही आणि घरीही.

विमान प्लेन मान्येनच्या विमानतळावरून सुटायचं. गच्चीवर आम्ही सगळे कठड्याला धरून उभे होतो. देवकी निळा कोट घालून विमानाकडे चालत गेली. जिन्यावर चढताना एकदा तरी बघेल म्हणून काकूने पदर हातात धरून उंच केला होता. देवकीने बघितलं नाही. आईचीच लेक. काकूचा हात बराच वेळ तसाच वर राहिला, शेवटी यशपालने तो खाली आणला.

दोन वर्षांनी एक फोटो आला. डोंगरउतारावर गवत, त्यात पिवळी, निळी, पांढरी फुलं, मधे देवकी, गुडघ्यापर्यंत फुलांत. चेहरा भरलेला. फोटोच्या पाठीवर तिने लिहिलं होतं की गावाबाहेर कुरणातून एक वाट फिरून परत येते, उन्हाळ्यात ती रोज जाते, आणि तिथे कुणी कुणाला गप्प राहायला सांगत नाही. काकूला मी वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य गाळायला हवं होतं, ते सुचेपर्यंत वाचून झालं होतं. काकूने फोटो देवाजवळ ठेवला नाही, चहाच्या डब्यात ठेवला.

देवकी पुढच्या उन्हाळ्यात येणार, मग त्याच्या पुढच्या. ब्याऐंशीच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. लोकरीच्या धुळीने छाती आधीच पोखरलेली. तार आली तेव्हा तिला तिथे बर्फाखाली पुरूनही झालं होतं. काकूला बर्फ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिने मला विचारलं, तिथली माती किती गार असते. मी म्हटलं, मला नाही माहीत. अजूनही नाही.

तरीही गौर आणणं तिने सोडलं नाही. यशपालचं लग्न झालं होतं, सुनयना नावाची मुलगी झाली होती, आणि धास्तीला आता जपायला नवीन माणसं मिळाली होती. माळ मात्र आटत चालला होता. तिथली झुडपं उपटून पाइनची झाडं लावत होते, रांगेने, दर वर्षी थोडी पुढे. फुलं कमी, सावली जास्त. बाकीच्या बायका वाक्वाच्या बाजारातून शेवंती आणू लागल्या. गौरीने तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

शहाऐंशी साली आम्ही दोघीच गेलो. वाट पाइनखाली काळी पडली होती, पायाखाली नुसत्या सुया. दगड सापडला. त्याच्याभोवती उरलेल्या उन्हाच्या पट्ट्यात थोडी लाल फुलं होती, ती काकूने खुडली, जुडी बांधली, कुंकू लावलं, टोपली डोक्यावर घेतली. मी मागे, देवकीच्या जागी. मला ती जागा नको होती, पण आम्ही दोघीच असताना दुसरी कुठली जागा असणार?

वळणाशी काकूने टोपली खाली ठेवली. सरळ जमिनीवर. आणि वळली.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मागे वाटेकडे बघत म्हणाली, "देवकी, वळले गं मी."

पाइनमध्ये काहीही हललं नाही. ती तशीच उभी राहिली, मी रडू लागले तरी. मग टोपली तिथेच टाकून आल्या वाटेने चालू लागली आणि फाट्यापर्यंत सारखी बोलत होती. चहाच्या पानांबद्दल, यशपालच्या छपराबद्दल, सुनयनाच्या दातांबद्दल. ती तीन बंधनं तिने एका दुपारी मोडली आणि त्या वर्षी आमच्या घरात गौर आली नाही.

त्यानंतर ती वाट बघत बसली. वादळाचा इशारा आला की यशपालच्या खाटेशी बसून राहायची. सुनयनाला शिंक आली तरी डॉक्टरकडे धाव. कुणी उशिरा घरी आलं की दारातच तिचे ओठ पांढरे. शिक्षा येणार हे तिला पक्कं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही रात्री छपराचा आवाज ऐकून धस्स व्हायचं, माझी सगळी पुस्तकं असून.

वादळं बेटाच्या बाजूने निघून गेली. यशपालची नोकरी कायम झाली. सुनयना शाळेत जाऊ लागली. गायीला कालवड झाली. असं सुखाचं वर्ष आमच्या अंगणाने कधी बघितलं नव्हतं.

पुन्हा गौरीचा दिवस आला. मी बाजारातून शेवंती घेऊन गेले. काकू पायरीवर बसली होती, अंगावर मळ्यातलेच कपडे. तब्येत बरी नाही का, म्हणून मी विचारलं.

"कायच नाय झालं, पुष्पा," ती म्हणाली. "आख्खं वरीस गेलं. कुणाला कायच नाय झालं."

मी म्हटलं, चांगलं आहे की, काकू.

तिने माझ्याकडे बघितलं, वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ पोराकडे मी बघते तसं.

"म्हंजे तवा वळले असते तरी कायच नसतं झालं."

मी शेवंती पायरीवर ठेवली आणि तिच्या शेजारी बसले. आमच्या घरात गप्प राहायची सवय जुनी आहे.