गुडघाभर पाण्याची अट

अटीशिवाय श्वास घेणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण आमचे इंग्रजीचे मास्तर त्यातले नव्हते. गिरीजला त्यांची केळीची वाडी होती आणि वाडीतल्या पंपाच्या खोलीत शिकवणी. इंग्रजीतली जर-तरची वाक्यं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. 'इफ'च्या बाजूला साधा वर्तमानकाळ, दुसऱ्या बाजूला 'विल', एवढं सांगून दुसरा शिक्षक मोकळा झाला असता. मास्तरांचं म्हणणं, जे पाळणार नाही ते लिहायचंच नाही. फळ्यावरचं वाक्य खरं होईपर्यंत किंवा अट मोडेपर्यंत पुसायचं नाही. त्यामुळे फळा कायम भरलेला. 'इफ द पंप स्टार्ट्‌स, आय विल टेक अ बाथ' हे वाक्य एकदा चार दिवस राहिलं. तेवढे दिवस आम्ही सगळे जरा लांबच बसलो.

घरातही तेच. काकूंनी "चहा ठेवू का?" विचारलं की, "ठेवलास तर पिईन."

"आणि नाही ठेवला तर?"

"ते वेगळं वाक्य झालं."

काकू मग चहा ठेवायच्याच नाहीत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दहावीला मी इंग्रजीत नापास झाले. ऑक्टोबरातही उडालीस तर वालीवच्या कारखान्यात पॅकिंगला लावीन, असं बाबांनी बजावलं होतं. जर-तर त्यांनाही चांगलं येत होतं. मी रडत रडत हे सांगितल्यावर मास्तर उठले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'इफ शी पासेस, आय विल वॉक इन्टू द सी अप टू माय नीज.' कोणी हसलं नाही. मास्तर पाण्याला इतके घाबरायचे की कळंबच्या समुद्रावर गेले तरी सुरूच्या झाडाला पाठ टेकून बसायचे.

मी छत्तीस मार्कांनी पास झाले. पेढे घेऊन गेले तर मास्तर पँट दुमडून तयार! कळंबला घोट्याशी पाणी आलं तेव्हा त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली.

"सर, पुरे आता," मी म्हटलं.

"वाक्यात गुडघे आहेत," मास्तर डोळे मिटून म्हणाले.

गुडघे भिजल्यावर त्यांनी एक डोळा उघडला. "बरं असतं की गं हे!"

पुढे कॉलेज, नोकरी, लग्न, विरारचा फ्लॅट. बाजारात भेटले की ते म्हणायचे, "ये एकदा, परत पाण्यात जाऊ." मी "येईन हं" म्हणायचे, तेही बिनअटीचं, आणि जायची नाही.

मास्तर वारल्यावर आठवड्याने मी वाडीवर गेले. पंपाच्या खोलीतला फळा जवळजवळ कोरा होता. कोपऱ्यात एकच वाक्य, 'इफ शी कम्स, वुई विल गो टू कळंब.'

"आजारपणात बाकीची सगळी मार्गी लावली," काकू म्हणाल्या. "हे राहू दे म्हणाले. अट अजून मोडलेली नाही म्हणाले."

मला माझीच फार लाज वाटली. काकूंनी डस्टर पुढे केलं. मी ते खिडकीत ठेवलं आणि विचारलं, "काकू, कळंबला येता?"

"नेलंस तर येईन," काकू म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.