सिद्धू सायकलवाल्याची फक्कीची रेघ

गुरुवार, दिनांक २३ एप्रिल १९५९ रोजी नांद्याच्या यात्रेत, मुलांच्या सायकल शर्यतीत, माझा धाकटा मुलगा जयसिंग, वय वर्षे दहा, याच्या मागल्या चाकात गावचे जमीनदार हैबतराव यांनी हातातली काठी खुपसली. मुलाचे मनगट मोडले. हैबतरावांच्या पुतण्याला पहिल्या नंबराचा पितळी तांब्या मिळाला. यात्रेच्या पंचांना मी तीन लेखी अर्ज दिले. एकाचेही उत्तर आजतागायत आलेले नाही. माझ्या अर्जांनी जे झाले नाही, ते चौथीत शाळा सोडलेल्या एका माणसाने केले. हे लिहिणे मला जड जाते, पण ते खरे आहे.

सिद्धू जातीचा धनगर. मेंढरांमागे फिरताना पाय अधू झाला, म्हणून पुण्यातल्या एका दुकानात पंक्चर काढायला शिकला आणि नांद्याहून शेजारच्या चांद्याला जाणाऱ्या रस्त्यावर, हैबतरावांच्याच जागेत, छपरी टाकून तासावर सायकली देऊ लागला. शर्यतीच्या सगळ्या सायकली त्याच्याच.

आमच्या लोकांना शर्यत ठाऊक ती बैलांची. तीत मालक जोडीच्या बरोबरीने धावतो, ओरडतो, चाबूक उगारतो. मुलांची शर्यत सुरू झाली तेव्हा बाप-चुलते सायकलींबरोबर तसेच धावू लागले आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. वास्तविक ही मुले दांड्याखालून पाय घालून कैची चालवणारी. तिरकी झालेली ती सायकल नुसत्या धक्क्यानेही आडवी होते.

त्या दिवशी जयसिंगला कॅरिअरवर बसवून, सायकल हाताने ढकलत, सिद्धूच लंगडत माझ्या दारी आला.

"मास्तर," तो म्हणाला, "बैलाला मालक लागतोय. पोराला न्हाई लागत."

पुढच्या वर्षी त्याने जाहीर केले की शेवटच्या फर्लांगात रस्त्याच्या दोन्ही कडांना फक्कीची, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीची, रेघ पडेल, आणि ज्याच्या घरचे माणूस रेघेच्या आत येईल त्याचे पोर बाद. हैबतराव छपरीपाशी आले, तेव्हा मी तेथे चाकात हवा भरून घेत होतो.

"सिद्धू, ही जागा कुनाची?"

"तुमची."

"आन् रेघ?"

"माजी. जागा हवी तर घ्या, छपरी उचलून नेतो. पर रेघंबिगर सायकली न्हाई मिळायच्या."

"लई शाना झालास. शर्यत झाली की बगतो."

शर्यतीत सिद्धूचा भाचा बाजी सर्वांच्या पुढे होता. शेवट वीस पावलांवर आला आणि बाजीची आई भागूबाई पदर खोचून रेघेच्या आत शिरली, सायकलीच्या बरोबरीने धावली. बाजी पहिला आला. सिद्धूने त्याचा हँडल धरला आणि त्याला बाजूला उभे केले.

"बाजी बाद."

"आरं दादा, तुजाच भाचा हाय त्यो," भागूबाई धापा टाकत म्हणाली.

"म्हनून तर आदी त्योच."

"मी कुनाला हात तरी लावला का?"

"रेघ कुनी वलांडली? मी का?"

लोक हसले. मागून येणाऱ्या पुतण्यासाठी हैबतरावांचा एक पाय तोवर रेघेवर पडलेला होता. तो त्यांनी मागे घेतला. तांब्या पुन्हा त्यांच्याच पुतण्याला गेला, परंतु या वेळी कोणी पडले नव्हते. जयसिंग चौथा आला आणि घरी येईपर्यंत घंटी वाजवत राहिला.

हैबतराव निघताना एवढेच म्हणाले, "छपरी ऱ्हाऊ दे तितंच."

ती अजून तेथेच आहे. भागूबाई दोन महिने भावाशी बोलली नाही. आता ती स्वतः पहाटे फक्की टाकते. माझी मात्र कोणी क्षमा मागितलेली नाही, आणि हा नियम अद्याप पंचांच्या वहीत चढलेला नाही. सिद्धूच्या एका पायावर तो किती वर्षे उभा राहणार?

म्हणून वाचकांना माझे मागणे आहे. आपल्या गावी मुलांची सायकल शर्यत असेल तर आधी रेघ आखा, नियम लिहून त्यावर पंचांच्या सह्या घ्या, आणि आपण स्वतः रेघेबाहेर उभे राहा.